कोण कुठे बसलंय

अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरीत आठवडाभर बर्फ पडत होता. "संक्रांतीला पंधरा माणसं जेवायला येणार, त्याआधी छतावरचा बर्फ काढ, भार वाढतोय," असं मी प्रतापला तीनदा बजावलं. नवरा माझा! "वीकेंडला बघू," म्हणून त्याने तीनदा टोलवलं.

आज सगळे गुळपोळी खात होते आणि शेजाऱ्यांची दहा वर्षांची रुही एकेकाकडे टक लावून काहीतरी पुटपुटत होती.

"काय चाललंय गं?"

"कोण कुठे बसलंय ते पाठ करतेय, वीणाकाकू. स्कूल प्रोजेक्ट आहे. ही ट्रिक एका ग्रीक कवीची. तो मेजवानीत गायला आणि मग त्याला निरोप आला, दोघं जण बाहेर बोलावतायत. गेला तर कुणीच नव्हतं. तेवढ्यात मागे छत कोसळलं. चेहरे ओळखू येत नव्हते. मग कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने प्रेतं ओळखली."

"जेवताना असलं अभद्र बोलतात का?" मी डाफरले.

वर काहीतरी करकरलं. प्रतापने टीव्हीचा आवाज वाढवला.

दारावरची बेल वाजली. "मी बघते," म्हणत रुही पळाली. गार वारा आत घुसला.

"काकू," ती बाहेरून ओरडली, "इथे कुणीच नाहीये!"