कलाबाईच्या तोंडाचं माप

कलाबाईचं तोंड लहान आहे, हे तिला साठी उलटून गेल्यावर पहिल्यांदा कळलं, आणि तेही फोनवरून.

लग्न होऊन ती पिंपळगाव राजात आली तेव्हा सासूनं उंबऱ्यातच तिची हनुवटी धरून म्हटलं होतं, "पोरीचं तोंड तं परातीएवढं हाय वं!" सासू वाईट नव्हती. पण ते बोलणं कलाबाईच्या मनात असं रुतून बसलं, की पुढे कोणाच्याही लग्नात फोटो निघायला लागला की ती आपोआप मागच्या रांगेत सरकायची. आणि आता बुलढाण्याची पुष्पांजली मॅडम सांगत होती, "मावशी, तुमचा फोटो परत आला. चेहरा लहान आहे म्हणतात."

"कोनाचा?"

"तुमचाच."

शंकरराव ओसरीत खाटेवर बसले होते. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणते थे?"

"माह्यं तोंड लहान हाय म्हणते."

शंकररावांनी जरा विचार केला. "तिनं तुले पाह्यलं हाय ना?"

पुष्पांजली मॅडम परदेशी जाणाऱ्यांचे कागद करून द्यायची. कलाबाईला जर्मनीला जायचं होतं. म्हणजे, तिनं जावं असं ठरलं होतं. पोरगी धम्मशीला तिकडे दवाखान्यात नर्स होती, जावई प्रेमानंदही तिकडेच. धम्मशीलाला दिवस गेले होते. मागच्या खेपेला मूल पोटातच गेलं, तेव्हा ती तिकडे एकटी रडली आणि कलाबाई इकडे ओसरीत फोन कानाला लावून नुसती "हो वं, हो वं" म्हणत राहिली. या खेपेला आईनं जवळ असावं, एवढंच पोरीनं मागितलं होतं. पासपोर्ट झाला होता. व्हिसाचे बाकी सगळे कागद लागले होते. अडलं होतं ते फोटोवर.

खामगावात कापूस बाजाराकडे नारायणरावांचा फोटो स्टुडिओ होता. धम्मशीलाचा बारावीच्या परीक्षेचा फोटोही त्यांनीच काढला होता. पहिला फोटो त्यांनी नेहमीसारखा काढला, दोन कान, दोन खांदे, साडीचा काठ, सगळं व्यवस्थित. तो परत आला म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण चूक त्यांनी मान्य केली.

"जर्मनीवाल्यायले तोंडच पायजे मावशी. हनुवटीपासून टाळूपर्यंत, फोटोच्या पाऊण हिश्शात. आपल्या इकडं खांदे लागते, तिकडं खांद्याचं काम नाही."

"मंग खांदे झाकू का?"

"नाही, नाही. तुमी फक्त समोर पाहा. हसू नका."

हसायचं काही कारणच नव्हतं. कलाबाई पांढऱ्या पडद्यापुढे स्टुलावर बसली. नारायणरावांनी फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, मागची पांढरी बाजू आणखी स्वच्छ पांढरी केली, आणि पट्टी लावून तिचं तोंड मोजलं. बरोबर पाऊण हिस्सा. तिला हे सगळं विचित्र वाटत होतं. पुण्यतिथीला भिंतीवर लावतात त्या फोटोतसुद्धा माणसाचं तोंड कोणी पट्टीनं मोजत नाही.

तो फोटोही परत आला. चेहरा लहान.

"आता काय करू?" नारायणराव पडद्याकडे बघत म्हणाले. "मोजून तं देल्ला." त्यांनी मग तोंड आणखी मोठं केलं. इतकं, की कलाबाईला त्यात आपल्या नाकावरचा तीळ हरभऱ्याएवढा दिसला.

तो परत आला, चेहरा मोठा म्हणून. वरून डोकं कापलं गेलं, असंही कळलं.

हे मात्र कोणाच्याच डोक्यात बसेना. लहान म्हणून मोठं केलं तर मोठं म्हणतात. आणि दोन्हीच्या मधलं धाडलं, तर ते पुन्हा लहान. पुष्पांजली मॅडमनं स्वतः पट्टी लावून पाहिलं. ती फोनवर म्हणाली, "मलाही कळेना मावशी. माझ्या मोजण्यात बरोबर येतंय. पण तिकडे आधी मशीन तपासतं, आणि मशीन कोणाचं ऐकत नाही."

"मशीनले इचारता येत नाही का, तुले नेमकं काय पायजे म्हणून?"

"ते फक्त नाही म्हणतं मावशी."

खामगावाहून परतताना बसमध्ये कलाबाई खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंनी नांगरून ठेवलेली रानं जात होती. शंकरराव पेंगत होते. आणि आपण काहीतरी गुणगुणतोय, हे तिच्या एकदम ध्यानात आलं. पाळण्याचं की कशाचं, कुठलंतरी जुनं गाणं. ती दचकली. फोटो परत आला, पोरीचं काम अडलं, आणि आपल्याला गाणं सुचून राह्यलं? तिनं तोंडावर पदर धरला, जसं काही कोणी ऐकलं असतं.

घरी येऊन तिनं भाकरी टाकली, भाजी केली, शंकररावांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले. पण मनातलं ते काही जाईना. आपल्याला जायचं नाही का? जायचं आहे. पोरगी आहे, जाणार नाही तर काय. मग बरं काऊन वाटलं? विमानाची भीती होती, खरं. तिकडची भाषा येत नव्हती, तेही खरं. धम्मीच्या बाबांना चहासुद्धा करता येत नाही, आणि सिंधूताई शेजारी असली तरी ती तरी किती बघणार. एकेक कारण तिनं हातात घेऊन पाहिलं, पण त्यातलं एकही पुरं पडत नव्हतं. आपल्याच मनातलं आपल्याला कळू नये, याचा तिला रागही आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात बसली होती. नारायणरावांनी दिलेले सगळे फोटो पिशवीत होते, ते तिनं काढून उंबऱ्यावर मांडले. चार कलाबाया. एक लांबची, एक जवळची, एक तर अंगावर येणारी. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या आणि कोणीच हसत नव्हती.

"कोन हाय?" शंकरराव खाटेवरून म्हणाले.

"मीच हाय. फोटो पाहून राह्यली."

त्यांनी हात पुढे केला. तिनं मधला फोटो दिला. त्यांनी तो बऱ्या डोळ्यासमोर धरला, मग लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"हे कोन होय?"

"अवो, मी!"

"हे कपाळ हाय, डोळे हायेत. वर काहीच नाही." त्यांनी फोटो परत दिला. "डोळ्यात अजून धुकं हाय वाट्टे माह्या."

"थेंब घालू का?"

"सकाळीच घातले ना."

ते कुशीवर वळले. कलाबाईनं फोटो घेतला, आणि सहज म्हणून नखानं आपल्या डोक्याची कड गिरवायला गेली. हनुवटीवरून नख गेलं, गालावरून गेलं, कानाशी आलं, आणि कानाच्या वर ते कुठे थांबावं हेच तिला कळेना. तिचे केस पिकून पार पांढरे झाले होते. धम्मी जर्मनीला गेली त्या वर्षी मेंदी लावायचं सोडलं ते सोडलंच. मागचा पडदा पांढरा. नारायणरावांनी तो आणखी पांढरा केलेला. कापसाच्या गंजीवर फुटलेलं बोंड ठेवलं तर दिसेल काय? डोकं होतं, पण फोटोत नव्हतं. नारायणरावांना ते तिथे आहे हे माहीत होतं, म्हणून त्यांची पट्टी टाळूपर्यंत जात होती. मशीनला काय माहीत? ते कपाळापर्यंतच मोजत असणार आणि लहान म्हणत असणार.

तिनं बाकीचे तिन्ही फोटो उचलून पाहिले. तिन्हींत तेच.

फोन हाताशीच होता. पुष्पांजली मॅडमला सांगायला पळभरही लागलं नसतं. तिनं फोटो पुन्हा पिशवीत घातले, पिशवी खुंटीला लावली आणि उठून जोंधळा निवडायला बसली.

संध्याकाळी धम्मशीलाचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

"आई, मॅडमशी बोलली मी. थे म्हणे पुन्हा फोटो अटकला तं व्हिसाची तारीख हातची जाईन. मंग इतक्या लवकर दुसरी भेटत नाही."

"हो वं."

"म्हणून तुह्या जावयाचं म्हणणं हाय का अपेक्षाले बोलवावं. तिचे कागद तयार हायेत." अपेक्षा म्हणजे प्रेमानंदची बहीण. चांगली पोर होती, कामाची होती, शिकलेली होती. तिकडे तिचं काही अडलं नसतं.

कलाबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते इतकं उघड उतरलं, की तिला आपला चेहरा पोरीपासून लपवावासा वाटला.

"बोलाव मंग," ती म्हणाली. "अपेक्षा बरी. तिले सगळं येते."

धम्मशीलानं मान खाली घातली आणि नखानं टेबलाचा कोपरा खरवडत राहिली. लहानपणी शाळेतून मार खाऊन आली की अशीच चुलीपाशी बसून जमीन खरवडायची. विचारलं तर सांगायची नाही, फक्त खरवडायची.

"रागावली का वं?" कलाबाईनं विचारलं.

"नाही. तुले जमत नसन तं मी काऊन रागावू? मॅडमलेच समजून नाही राह्यलं, तं तू काय करशीन."

खुंटीवरची पिशवी कलाबाईच्या पाठीमागे होती. तिला ती न बघताही दिसत होती.

"तुले कोन पायजे?" तिनं विचारलं. "खरं सांग. अपेक्षा का मी?"

"असं काय इचारतं आई," धम्मशीला म्हणाली. "मागच्या टायमाले मी त्या बेडवर पडून तुलेच आवाज देत होती. नर्स असून. सगळे हासले असतीन मले."

शंकरराव खाटेवर उठून बसले होते.

"थांब," कलाबाई म्हणाली. "अपेक्षाले सांगू नको अजून. फोटोत माहे केस दिसत नाहीत वं पोरी."

"काय?"

"पांढऱ्यावर पांढरं झालं. डोकंच नाही दिसत. म्हणून थे मशीन तोंड लहान म्हणते. मले दुपारीच समजलं."

"दुपारी? मंग सांगतलं काऊन नाही?"

कलाबाईनं खुंटीकडे वळून पाहिलं. "जोंधळा निवडत होती," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

पुष्पांजली मॅडमनं नियम पुन्हा वाचले. मागची बाजू फिकी राखाडी चालते, असं त्यात होतंच. पण इतक्या माणसांचे फोटो पांढऱ्यावर पास झाले होते, की तिला कधी ते बघावं लागलं नव्हतं. नारायणरावांकडे राखाडी पडदा नव्हता. त्यांनी घरातून एक फिकी राखाडी चादर आणली आणि दोन खिळ्यांना बांधली. कलाबाई स्टुलावर बसली. शंकरराव दाराशी उभे होते.

"आता दिसते," ते म्हणाले.

"काय दिसते?"

"तू दिसतं."

नारायणरावांनी या खेपेला मागचं काहीच पुसलं नाही. तोंड पाऊण हिस्सा, वर थोडी मोकळी जागा. कॉम्प्युटरवर कलाबाईनं स्वतःला पाहिलं. डोक्याभोवती पांढऱ्या केसांची कड स्वच्छ दिसत होती. एवढी म्हातारी झालो आपण? तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे तिचं तिला उमगलं नाही.

फोटो पास झाला. पुढे मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देणं झालं, व्हिसा आला. शंकररावांना सिंधूताईनं चहा शिकवला. पहिल्या दिवशी त्यांनी साखरेऐवजी मीठ टाकलं आणि तो चहा तसाच पिऊन टाकला. निघायच्या दिवशी ते स्टँडपर्यंत आले. बस सुटायला आली. ते म्हणाले, "जेवत जाय." तीही म्हणाली, "थेंब घालत जा."

मुलगी झाली. सुखरूप झाली. धम्मशीलानं कळांमध्ये आईचा हात असा दाबला, की त्यावर नखांचे वण उमटले. कलाबाईला दवाखान्यातल्या एकाही माणसाचा एकही शब्द कळला नाही, तरी ती सगळ्यांना मान डोलावून हो म्हणत राहिली.

काही दिवसांनी शंकररावांचा फोन आला.

"काऊन वं, करमते का तठी?"

कलाबाईच्या मांडीवर नात होती. खिडकीबाहेर ऊन होतं, पण ते अंगाला लागत नव्हतं.

"समजत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? करमते का नाही करमत?"

"थेच तं समजत नाही." तिनं नातीच्या तोंडावरचा कपडा नीट केला. "तुमाले करमते का?"

"मलेही समजत नाही," शंकरराव म्हणाले. तेवढ्यात पोर रडायला लागली, आणि कलाबाईनं फोन बाजूला ठेवून तिला उचललं.