जाळी सावलीत ठेवावीत

मुलांनो, मनातल्या मनात एक मोठं गोल टेबल मांडा. भोवती अकरा खुर्च्या ठेवा आणि प्रत्येक खुर्चीसमोर एका देशाच्या नावाची पाटी. इंडोनेशिया, व्हिएतनाम, थायलंड, फिलिपिन्स, अशा अकरा. बंगालचा उपसागर ओलांडून पूर्वेला गेलं की हे देश लागतात, आणि त्या सगळ्यांची मिळून एक संघटना आहे. आता त्यांतल्या एका खुर्चीवर तुम्ही स्वतः बसा. पाय जमिनीला जेमतेम टेकत असतील तरी चालेल. सिद्धीचेही जेमतेमच टेकत होते.

सिद्धी आपल्या गोव्यातल्या केरीची. पेडण्याच्या शाळेत सहावीत शिकणारी. मी दिल्लीतल्या एका अभ्याससंस्थेत तीस वर्षं याच देशांचा अभ्यास केला. त्यांचं आपसात कुठे बिनसतं, समुद्रातली हद्द कोण कुठून मोजतो, कोण कुणाशी बोलायला तयार असतो, हे बघायचं आणि लिहायचं, एवढंच माझं काम. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त होऊन पेडण्याला परत आलो, तेव्हा शनिवारी दुपारी काही मुलं माझ्याकडे नकाशे बघायला येऊ लागली. ती मला गोपाळआजो म्हणत. आमच्याकडे आजोबांना आजो म्हणतात.

या वर्षी माझ्या जुन्या संस्थेने मोप्याच्या पठारावरच्या एका हॉटेलात दोन दिवसांची परिषद ठेवली. पाहुणे विमानतळावर उतरणार आणि दहा मिनिटांत हॉटेलात पोचणार, म्हणून ती जागा. मोठ्यांची चर्चा वरच्या दालनात. खालच्या दालनात अकरा शाळांची मुलं अकरा देश होऊन बसणार आणि सगळी मिळून एक निवेदन तयार करणार. ते निवेदन शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर वाचलं जाणार आणि अहवालात छापलं जाणार. विषय होता समुद्र आणि मासेमारी.

आमच्या शाळेच्या वाट्याला पूर्व तिमोर आला. गेल्याच वर्षी त्या संघटनेत आलेला, सगळ्यांत नवा देश. तिथेही आपल्यासारखेच पोर्तुगीज होते, हे सिद्धीला फार आवडलं. आपण खिडकीला जनेल म्हणतो, तेही जवळपास तेच म्हणतात, पावालाही आपल्यासारखाच शब्द आहे, असं मी सांगितल्यावर तिने शाळेत सगळ्यांना गाठून हे ऐकवलं. डिचोलीच्या शाळेचा प्रथमेश या परिषदेत अध्यक्ष होणार होता. पहिल्या तयारीच्या दिवशी तो तिला म्हणाला, ‘‘तुझा देश नकाशात भिंगातून बघायला लागता.’’ सिद्धीने त्याला शांतपणे विचारलं, ‘‘आणि डिचोली खंय दिसता?’’

तयारी म्हणून मी तिला एकच काम दिलं. समुद्रावर जाणाऱ्या कुणाला तरी विचार की या टेबलावर काय बोललं जायला हवं. ती सरळ तिच्या बाबलीकाकाकडे गेली. बाबली म्हणजे तिच्या बाबांचा धाकटा भाऊ. केरीच्या किनाऱ्यावर त्याची एक छोटी होडी आहे. तेरेखोलची खाडी ओलांडून किल्ल्याच्या पुढे गेलं की महाराष्ट्र सुरू होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीवर पाटी असते. पाण्यावर नसते. आदल्या वर्षी बाबलीचं इंजिन मध्येच बंद पडलं, वारा दक्षिणेचा होता, आणि होडी वाहत पलीकडच्या हद्दीत गेली. तिथल्या एका बंदरात ती एकोणीस दिवस बांधून ठेवली होती. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत तेवढे दिवस गेले. कुणी त्याला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. पण जाळी उघड्यावर पडून राहिली. उन्हाने दोर कडक झाले, उरलेलं उंदरांनी कुरतडलं. घरी आला तेव्हा होडी होती, पण तो हंगाम गेला होता.

बाबलीने आधी तिची थट्टा केली. तुमच्या त्या सभेत मासे नुसते बोलतात की खातातही, असं विचारलं. मग मात्र तो गंभीर झाला आणि हळूहळू, एकेक शब्द तोलून बोलला. सिद्धीने ते वहीत उतरून घेतलं. तिच्या अक्षरात ते असं होतं: ‘जी छोटी होडी चुकून हद्द ओलांडेल, ती माणसांसकट सात दिवसांत परत पाठवावी. तोवर तिची जाळी सावलीत ठेवावीत.’

मी ते वाचलं. सागरी हद्दीवर मी किती लेख लिहिले असतील, पण जाळी सावलीत ठेवावीत हे माझ्या कुठल्याच पानावर नव्हतं. तुमच्या तिमोरच्या आणि शेजारच्या देशांच्या कोळ्यांवरही हीच वेळ येते, मी तिला म्हणालो, आणि ही ओळ निवेदनात गेलीच पाहिजे. बाबलीला तिने तसा शब्द दिला. त्याचं म्हणणं कुणीतरी कागदावर घेतलं असं आजवर एकदाच झालं होतं, आणि तेही त्या बंदरात, जबाब म्हणून.

आता मी तिला काय शिकवलं ते सांगतो. या देशांची रीत अशी की सहसा मत मोजत नाहीत. सगळ्यांचं जुळेपर्यंत बोलतात. बैठकीत कुणाला तोंडावर अडवत नाहीत. ज्याला काही हवं असेल तो ते आधी, चहाच्या वेळी, व्हरांड्यात सांगतो. शेवटी अध्यक्ष विचारतो, कुणाची हरकत आहे का, आणि जो गप्प बसला तो राजी असं धरतात. आपल्या देवळाच्या बैठकीचंच बघा. पालखी कुठल्या वाटेने न्यायची हे बैठकीत ठरतं असं आपण म्हणतो. खरं ते आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी दारापुढच्या बलकावात, सोप्याच्या बाकावर ठरलेलं असतं. मला ही रीत मनापासून आवडायची. कुणाचा अपमान होत नाही, कुणी हरत नाही. म्हणून मी सिद्धीला सांगितलं, तू नवा देश आहेस, सगळ्यांत लहानही आहेस. हात वर करून भांडू नकोस. चहाच्या सुट्टीत मी तेजस्विनीशी बोलतो, ती प्रथमेशला सांगेल, आणि तुझी ओळ आपोआप मसुद्यात येईल.

तेजस्विनी म्हणजे मुलांच्या परिषदेचं सगळं बघणारी संस्थेतली तरुण संशोधक. हुशार मुलगी. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मसुदा टेबलावर आला. त्यात प्रदूषण होतं, मोठे ट्रॉलर होते, प्रवाळ होतं, सहकार्य हा शब्द सात वेळा होता. चुकून हद्द ओलांडणारी होडी नव्हती. सिद्धीने वही उघडून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी बसलो होतो. मी तिला खुणेने सांगितलं की माझ्या लक्षात आहे.

चहाची सुट्टी झाली. मी तेजस्विनीकडेच निघालो होतो. जिन्यावरून माझा दिल्लीचा जुना सहकारी रामचंद्र उतरत होता, त्याच्यामागे तीन-चार पाहुणे. त्याने मला मिठीच मारली. पाहुण्यांना म्हणाला, हा आमचा गोपाळ, तुमच्यातले निम्मे वाद आम्हाला याने समजावून सांगितले. त्यांतल्या एका बाईंनी माझा एक जुना लेख वाचला होता. त्यातलं एक वाक्यही त्यांना आठवत होतं. त्यांनी मला पुढचं विचारलं आणि मी बोलू लागलो.

मुलांनो, नऊ वर्षांत मला तसं कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही प्रश्न विचारता ते वेगळे. हे लोक माझ्या कामातले होते. मी हातात चहाचा पेला धरून बोलत राहिलो. दालनाच्या दाराशी सिद्धी उभी होती, तिच्या हातात बिस्कीट होतं आणि ती ते खात नव्हती. मला ती दिसत होती. मला वाटलं, हा मुद्दा संपवतो आणि जातो. मग घंटा वाजली.

मी आत शिरलो तेव्हा मुलं जागेवर बसली होती. सिद्धी आपली खुर्ची सोडून माझ्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, ‘‘आजो, सांगितलास तुमी?’’

मी म्हणालो, ‘‘सांगतो. तू बस.’’

तेजस्विनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती. मधून जायचं तर सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं आणि पाहुणेही आता येऊन मागे बसले होते. प्रथमेशने मसुदा वाचायला घेतला. स्पष्ट आवाजात, न अडखळता वाचला. मग त्याने शिकवल्याप्रमाणे विचारलं, ‘‘कुणाची हरकत आहे का?’’

कुणी बोललं नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. सिद्धीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचा हात टेबलावरून उचलला गेला होता, फार नाही, चार बोटं. मी तिला तळवा दाखवला. थांब.

आजही मी स्वतःला विचारतो की तेव्हा मला काय वाटलं होतं. वाटलं होतं की रीत मोडायला नको. वाटलं होतं की नंतरही काहीतरी करता येईल. आणि मागे त्या बाई बसल्या होत्या, त्यांना मी नुकतंच या रीतीचं मोठेपण समजावलं होतं, हेही होतंच. खोटं कशाला सांगू?

प्रथमेशने तिसऱ्यांदा विचारलं आणि टेबलावर लाकडी हातोडी ठोकली. निवेदन एकमताने संमत झालं. टाळ्या झाल्या. अकरा मुलांनी हातांची कैची करून शेजाऱ्यांचे हात धरले, त्या देशांचे नेते फोटोला उभे राहतात तसे, आणि फोटो निघाला. सिद्धी एका टोकाला होती.

मी मग तेजस्विनीला गाठलं. वही दाखवली. तिने ती ओळ वाचली, परत वाचली. ‘‘काका, ही अख्ख्या मसुद्यातली सगळ्यांत चांगली ओळ झाली असती,’’ ती म्हणाली. ‘‘चहाच्या वेळी का नाही सांगितलंत? मी इथेच तर उभी होते.’’ आता मसुदा उघडायचा तर अकरा जणांना परत बसवावं लागेल, आणि पाच शाळांच्या बस निघाल्यासुद्धा, असं तिने सांगितलं. तिचा दोष नव्हता. तिने छपाईला जाणाऱ्या प्रतीत तळटीप देता येईल का ते विचारून पाहिलं. संमत झालेल्या मजकुराला हात लावत नाहीत, असं वरून उत्तर आलं. तो नियम मीच कधीकाळी संस्थेच्या पुस्तिकेत लिहिला होता.

संध्याकाळी वरच्या दालनात निवेदन वाचलं गेलं. पाहुण्यांनी मुलांचं कौतुक केलं. रामचंद्र मला रात्रीच्या जेवणाला थांब म्हणत होता. मी थांबलो नाही.

सिद्धीला घरी सोडायचं मी तिच्या आईला कबूल केलं होतं. भाड्याची गाडी केली. मोप्याहून पेडणे, पेडण्याहून पालयेवरून केरी. वाटेत ती खिडकीतून बघत होती. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पालये गेल्यावर मी बोलायला सुरुवात केली. म्हणालो, बाबलीला आपण असं सांगू, की तुझा मुद्दा चर्चेत आला, सगळ्यांना महत्त्वाचा वाटला, आणि पुढे त्यावर विचार होईल.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘‘पण तो चर्चेत खंय इलो?’’

मी म्हणालो, तेजस्विनीने वाचला ना, ती पण चर्चाच. कागदोपत्री असंच लिहितात.

‘‘आजो,’’ ती म्हणाली, ‘‘विचार होईल म्हणजे नाय, असाच ना?’’

तीस वर्षं मी ते वाक्य लिहीत आलो होतो. त्याचा अर्थ मला इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. गाडी केरीच्या सुरूच्या झाडांपाशी थांबली.

बाबली किनाऱ्यावरच होता. ओढून घेतलेल्या होडीला टेकून जाळ्याची फाटकी बाजू विणत होता. आम्हाला बघताच उठला, हात पँटीला पुसले. त्याने अंगावर इस्त्रीचा शर्ट घातला होता. जाळं विणायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही. तो आमची वाट बघत होता.

‘‘काय गो सिद्धी,’’ तो म्हणाला, ‘‘आमची गजाल वाचल्यानी काय थंय?’’

मी एक पाऊल पुढे टाकलं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. चर्चेत आला, महत्त्वाचा वाटला, विचार होईल. बाबलीने ते खरं मानलं असतं. मी दिल्लीहून आलेला शिकलेला माणूस, माझं कुणीही खरं मानलं असतं. पण माझ्या आधी सिद्धी चालू लागली. वाळूत बूट रुतत होते तरी ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत बोलली.

‘‘बाबलीकाका, आपली ओळ गेली नाय. तीनदा विचारल्यानी, आणि मी गप्प रवलंय.’’

एवढंच सांगून ती तिथेच उभी राहिली, तो काय बोलेल ते ऐकायला. माझं नाव तिने घेतलं नाही.