बसायला स्टूल मिळेल का?

सृष्टीने पलंगावर मांडी घातली, उशी पुढ्यात घेतली आणि आवाज बदलून म्हणाली, "येस, कम इन. टेल मी अबाउट युवरसेल्फ."

स्नेहा स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. "गुड मॉर्निंग मॅडम. मी स्नेहा अश्विन गांगुर्डे. राहणार इंदिरानगर. मला साडीच्या दुकानात नऊ वर्षांचा अनुभव आहे."

"'राहणार' काय गं वहिनी? पोलिसांत जबाब देतेयस का?"

दोघी हसल्या. सृष्टी स्नेहाची नणंद. मॉलमध्ये अत्तरांच्या काउंटरवर कामाला होती, त्यामुळे असे इंटरव्ह्यू तिने दिले होते. मुंबई नाक्याजवळ कपड्यांचं मोठं दुकान उघडणार असल्याची बातमी तिनेच आणली होती आणि वहिनीचा अर्जही तिनेच मोबाइलवरून भरला होता. आता सुट्टीच्या दिवशी ती वहिनीची तयारी करून घेत होती.

"गिऱ्हाईक चिडलंय. ड्रेस बदलून मागतंय, पण बिल नाहीये. काय करशील?"

"आधी बोलू देईन. पाणी विचारीन. मग ड्रेसवरचा टॅग बघीन."

"मस्त. आता मुख्य प्रश्न. आधीची नोकरी का सोडली?"

स्नेहा पलंगाच्या कडेला टेकली.

"घरगुती कारण म्हणून सांग," सृष्टी म्हणाली. "सगळ्या तेच सांगतात."

"घरगुती काय होतं त्यात? पाय दुकानात खराब झाले माझे."

मेन रोडवरच्या त्या दुकानात मालक गादीवर बसायचे, गिऱ्हाईक खुर्चीवर बसायचं आणि विकणाऱ्या बायका सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असायच्या. बसायची सोयच नव्हती. जेवायलासुद्धा मागच्या जिन्यावर टेकायचं. काही वर्षांनी स्नेहाच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगून आल्या. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले आणि सांगितलं, अधूनमधून बसत जा. एका दुपारी दुकान रिकामं होतं म्हणून ती साड्यांच्या गठ्ठ्यावर जरा टेकली. मालकांनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि गादीवरूनच सगळ्यांदेखत ओरडले, "गांगुर्डेबाई, बसायचंच असेल तर घरी बसा!" स्नेहाने डबा पिशवीत टाकला आणि ती दुकानाची पायरी उतरली. पुन्हा तिकडे गेली नाही.

"मी खरं तेच सांगणार," ती आता म्हणाली. "आणि बसायला स्टूल मिळेल का, तेही विचारणार."

सृष्टीने उशी बाजूला फेकली. "वेडी आहेस का? इंटरव्ह्यूत आपण काही मागायचं नसतं. ते विचारतील, काही प्रश्न आहे का? आपण म्हणायचं, नो सर, थँक यू सर. सलवार लांब घाल, म्हणजे मोजे दिसणार नाहीत. एकदा आत शिरलं की मग बघता येतं."

"तू शिरलीस आत. काय बघितलंस?"

सृष्टीने नकळत आपली टाच दाबली.

तेवढ्यात शकुबाई विहारातून परत आल्या. चपला काढता काढताच त्यांनी शेवटचं बोलणं ऐकलं होतं. "नोकरी मागायला चाललीस का भांडायला?" त्यांनी सुनेला विचारलं.

"दोन्ही, आई."

शकुबाईंनी पंखा वाढवला आणि खाली बसल्या. "अश्विनचा एकट्याचा पगार पुरत नाही, हे ध्यानात असू दे म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या. अश्विन सिन्नरला कारखान्यात होता. रात्री तो आल्यावर स्नेहाने त्यालाही सांगितलं. तो जेवताना म्हणाला, "विचार. पण नाही म्हणाले तर रडत येऊ नकोस." तिला राग आला. रडत येणारी बाई त्याने तिच्यात कधी पाहिली होती?

इंटरव्ह्यूच्या दिवशी सृष्टीने तिला स्कूटीवर सोडलं. दुकान अजून अर्धवट होतं. पुतळ्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं आणि रंगाचा वास येत होता. दाराशी ओळीने खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर मुली बसल्या होत्या. बहुतेक विशीतल्या. एकीने स्नेहाला विचारलं, "काकू, मुलीसोबत आलात?"

"नाही. तुझ्यासोबतच काम करायला आलेय," स्नेहा म्हणाली. ती मुलगी ओशाळली, मग सरकून तिने जागा दिली. तिचं नाव स्वाती. त्र्यंबकेश्वरला प्रसादाच्या दुकानात काम केलं होतं तिने.

आत मॅनेजर होता, नवनाथ नावाचा, तिशीतला, आणि पुण्याहून आलेली एक बाई. नवनाथने एक कुर्ता पुढे सरकवला. "हा मला विकून दाखवा."

"कुणासाठी घेताय सर?"

"समजा, बायकोसाठी."

"त्यांना कुठला रंग आवडतो?"

नवनाथ अडखळला. पुण्याच्या बाईंना हसू आलं. स्नेहाने कुर्ता उलगडला, शिवण दाखवली, आणि आवडला नाही तर बदलून देऊ म्हणाली. सगळं छान चाललं होतं. मग तो प्रश्न आला, आणि तिने गादी, खुर्ची, गठ्ठा, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. सांगताना तिचा आवाज कापला नाही. कापेल अशी तिला धास्ती होती.

"ओके," नवनाथ म्हणाला. "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो. इथे बसायला स्टूल मिळेल का?"

त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, गिऱ्हाइकासमोर स्टाफ बसलेला बरा दिसत नाही. कंपनीची पॉलिसी आहे."

"गिऱ्हाईक आलं की मी उठेनच. नसताना?"

"नसतानाही. तुम्ही बाहेर पाहिलंत ना, किती मुली बसल्यात?"

"पाहिलं. आता बसल्यात. कामाला लागल्या की उठतील त्या कायमच्या."

नवनाथ लाल झाला. "म्हणजे स्टूल नसेल तर तुम्ही येणार नाही?"

स्नेहाला शकुबाईंचा चेहरा आठवला. पण उत्तर तिने तेच दिलं. "नाही येणार सर. माझे पाय मला म्हातारपणीही लागणार आहेत."

बाहेर थांबलेल्या सृष्टीने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. पुढचे काही दिवस शकुबाई भाजीच्या पिशवीकडे बघून उसासे टाकत होत्या आणि स्नेहा ते ऐकत होती. एकदा तर तिने स्वतःलाच शिव्या घातल्या. पण विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

मग पुण्याच्या बाईंचा फोन आला. डॉक्टरांचा दाखला आणला तर ट्रायल रूमजवळ एक स्टूल देऊ, फक्त तुमच्यापुरतं. "बाकीच्यांना जास्त सांगू नका," बाई म्हणाल्या.

स्नेहा दाखला घेऊन कामावर गेली. स्टूल खरंच होतं, लाकडी, जरा डुगडुगणारं. पहिल्या दिवशी ती त्याच्यावर दहा मिनिटं बसली. मग उठून, तिथेच कामाला लागलेल्या स्वातीला म्हणाली, "बस आता तू."

"मला? माझ्याकडे दाखला कुठाय?"

"पाय आहेत ना?"

तसं सुरू झालं. दुपारी गर्दी ओसरली की एकीनंतर एक मुलगी येऊन बसायची. आठवडाभराने नवनाथने पाहिलं. स्वाती बसली होती. तो तरातरा आला.

"गांगुर्डे मॅडम, हे स्टूल तुमच्यासाठी दिलंय."

"हो सर. माझंच आहे. म्हणून तर मी देतेय."

स्वाती उठायला लागली. स्नेहाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बसवलं. मांडण्यांपाशी उभ्या असलेल्या बाकीच्या मुली कपड्यांच्या घड्या घालायच्या थांबून बघत राहिल्या.

"मी हे वर कळवणार," नवनाथ म्हणाला.

"कळवा. सोबत हेही कळवा, की एक पुरत नाही."

त्याने कळवलं. वरून एक साहेब आले, दुकानभर फिरले, स्टूल हलवून पाहिलं, स्नेहाची विक्री विचारली आणि गेले. स्टूल कुणी नेलं नाही. नवनाथ महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. दुसरं स्टूल अजून आलेलं नाही. स्नेहा दर सोमवारी मीटिंगमध्ये हात वर करते आणि मागते. आता तिच्याबरोबर आणखी तिघींचे हात वर होतात.