सुरीने ढवळलेला कोला

रविवारी दुपारी माझा नवरा मल्हार मित्रांबरोबर सायकलवर उंडारायला गेला आणि मी बाल्कनीत माझा बतांगा बनवायला बसले. ग्लासच्या कडेला मीठ, आत बर्फ, लिंबू, टेकिला, वरून कोला. सासूबाई आमच्याकडे जर्मनीत एर्लांगेनला आल्यापासून तेवढाच अर्धा तास माझा होता. त्यांना सांगितलेलं, नुसता कोला आहे म्हणून.

तेवढ्यात त्या बाहेर आल्या आणि "थंडी शिरते गं घरात," म्हणत त्यांनी दार धाडकन ओढून घेतलं. खटका बसला. त्या दाराला बाहेरून हँडलच नाही आणि फोन दोघींचे आत.

"अहो आई! काय केलंत हे!"

त्या खाली हाका मारणार, तोच मी त्यांना अडवलं. "रविवार आहे, रुहेत्साइट! इथे रविवारी आवाज करायला बंदी असते. शेजारचा म्हातारा दार उघडायला यायचा नाही, आवाज केला म्हणून तक्रार तेवढी करेल."

अडकलोच की! तसं अडकायला मला दार कशाला हवं होतं? फ्रँकफर्टची नोकरी मिळालेली, उद्यापर्यंत सही करून पाठवायची, आणि मल्हारचं एकच पालुपद, "आईला पुण्यात एकटीला करमत नाही, तिलाच राहायचंय. ती आहे तोवर नोकरीचं नाव काढू नकोस." त्यांचं परतीचं तिकीट त्याने दोनदा पुढे ढकललं होतं.

सासूबाईंनी ग्लास उचलला. "हे सुरीने का ढवळतेस गं?"

"मेक्सिकोत टेकिला नावाचं गाव आहे. तिथला एक म्हातारा बारवाला ज्या सुरीने लिंबं चिरायचा, तिनेच हे ढवळायचा. त्याचंच हे." जीभ चावली, पण 'बार' तोंडून निघून गेला होता.

"चमचा नव्हता मेल्याकडे?" त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. "कोला नाहीये हा."

"नाही."

आता माझी काही खैर नाही, असं वाटलं. पण त्यांचेच डोळे भरून आले. "मला घरी जायचंय गं. किती दिवस या भिंती बघू? पण मल्हार म्हणतो, अरुंधतीला तुझ्याशिवाय झेपत नाही, रडते ती. म्हणून थांबले."

"मी? रडते?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी सगळं सांगून टाकलं, फ्रँकफर्टसकट.

"लबाड कार्टं," त्या म्हणाल्या. "दोन वेळा गरम पोळी ताटात पडते ना!"

ग्लास जवळपास संपला तेव्हा मल्हार उगवला. दार उघडून बाहेर आला. "दोघी इथे काय करताय? आई, काय पितेयस तू?" त्याने ग्लास उचलून हुंगला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं, मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. खटका बसला.

मल्हार काचेवर थापा मारायला लागला.

"हळू! रविवार आहे!" त्या काचेतून ओरडल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आधी तुझी सही कर. मग माझं तिकीट काढ. दाराचं नंतर बघू."