मुऱ्हाळी आला

माझ्या सासूबाई मला 'आत्याबाई' म्हणू लागल्या, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच आपटली. आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते. म्हणजे ह्या मला टोमणा मारताहेत, असं मी धरून चालले. तेवीस वर्षं संसार केलाय, टोमणा ओळखायला मला कुणी शिकवायला नको.

विठाबाई अठ्ठ्याहत्तरच्या. चामटोलीचं घर एकट्या सांभाळायच्या. तीन वर्षांपूर्वी चुलीवर भात ठेवून त्या चालत दुसऱ्याच गावाला पोचल्या, तेव्हा कैलासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना बदलापुरात, कात्रपच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. इथं आल्यावर आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले. गोळी दिली की गालात धरून ठेवायच्या आणि मी वळले की खिडकीतून थुंकायच्या. खालच्या मजल्यावरच्या बायकांना सांगायच्या, "मना सासू जेवाला देत नाय." बायकांना त्यातलं 'सासू' ऐकू यायचं नाही, 'जेवाला देत नाय' तेवढं मात्र नीट ऐकू यायचं. मी जिन्यात दिसले की त्यांचं बोलणं थांबायचं. दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी खाऊन वर ही बोलणी! मी चिडायचे, मग रडायचे, मग परत चिडायचे.

त्यात त्यांच्यासाठी काढलेली माझी रजा संपत आली. मी शाळेत क्लार्क आहे. हेडबाईंनी स्पष्ट सांगितलं, एक तारखेला हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. विठाबाईंना घरात कोंडून जायचं माझ्याच्यानं झालं नसतं, आणि नोकरी सोडायची माझी तयारी नव्हती.

अंबरनाथला अशा माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आहे, हे कळल्यावर मी आधी एकटी जाऊन बघून आले. एक आजोबा मटार सोलत होते, एका आजींच्या केसांना तेल लावणं चाललं होतं. केंद्र चालवणाऱ्या अंजनीताई प्रत्येकाशी नावानं बोलत होत्या. मला जागा आवडली. कैलास मात्र म्हणाला, "आईला पाळणाघरात टाकायचं? लोक काय बोलतील?"

"मग तू रजा काढ," मी म्हटलं. तो विषय तिथंच मिटला.

पण विठाबाई जातील तर ना. रोज दुपारी त्या कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी बसायच्या, "मना म्हायेरा जावाचा हाय" म्हणायच्या. आणि रिक्षा आणली की गेटचे गज घट्ट धरायच्या. तीनदा हेच झालं. तिसऱ्यांदा तर त्या रडल्याच. "अशी कशी जाऊ? कुनी न्यावाला नाय आला," म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मी नेतेय ना! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी रिक्षा परत पाठवली.

एक तारखेला पाच दिवस उरले होते. मी उल्हासनगरला त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या सिंधी, आमच्याशी निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलतात. मी सगळी गाऱ्हाणी ओतली, टोमण्यापासून गेटपर्यंत.

"देखो ताई, हा आजार आहे. टोमणा मारायला सुद्धा डोकं जागेवर लागतं," त्या म्हणाल्या. "नवीन गोष्टी पुसल्या जातात, जुन्या राहतात. त्या आत्ता कुठल्या साली आहेत, ते बघा. वाद नका घालू, जरा त्यांच्या सालात जाऊन बघा. घरात त्यांना उठ-बस कोण सांगतं?"

"मीच. अंघोळ करा, गोळी घ्या, बाहेर जाऊ नका."

"आणि त्या तुम्हाला काय म्हणतात?"

"आत्याबाई," मी म्हटलं आणि तिथंच थांबले. मग मला हसूच फुटलं. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या, आणि मी पदर तोंडाला लावून हसत होते. अहो, त्या मला टोमणा मारत नव्हत्या. त्यांच्या लेखी त्या नव्या सूनबाई होत्या आणि मी त्यांची खाष्ट सासू. सासुरवाशीण कधी आपली आपण रिक्षात बसून माहेरी जाते का? सासूनं परवानगी द्यावी लागते. माहेराहून न्यायला माणूस यावा लागतो, मुऱ्हाळी. विठाबाई दोन महिने मुऱ्हाळ्याची वाट बघत दाराशी बसल्या होत्या. छातीवरचं ओझं एकदम उतरलं. त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्याच.

त्यांना न्यायला नेहमी त्यांचा भाऊ यायचा, सदूमामा. पांढरी टोपी घालून, पोह्यांचं गाठोडं घेऊन. मामा जाऊन वर्षं झाली. मी अंजनीताईंना फोन केला. त्यांच्या गाडीवरचे हिरामणभाऊ साठीचे आहेत, गावाकडचेच. त्यांना फार समजवावं लागलं नाही. "टोपी घरी हाय, ताई. पोहे तेवढे घेतो," एवढंच म्हणाले.

एक तारखेला सकाळी नऊला बेल वाजली. दारात टोपी, हातात गाठोडं. "विठे, चल. आयेनं बोलावलाय."

विठाबाई उठल्या. पण दाराकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. मान खाली घालून म्हणाल्या, "आत्याबाई, जाऊ?"

"जा," मी म्हटलं. "दिवेलागणीच्या आत परत यायचं."

त्या तरी हलेनात. कपाळ पुढे करून उभ्या राहिल्या. मला कळलं. माहेरी निघालेल्या सुनेला कुंकू लावतात, तिची ओटी भरतात. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून त्या कपाळाला कुणी कुंकू लावलं नव्हतं. मी कैलासकडे पाहिलं. तो आत गेला आणि नारळ घेऊन आला. मी कुंकू लावलं, तांदूळ, खण आणि नारळ त्यांच्या पदरात घातला. त्या वाकून माझ्या पाया पडल्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं, पण मी आशीर्वाद दिला. मग सूनबाई तुरुतुरु गाडीत जाऊन बसल्या.

मी शाळेत गेले. दिवसभर फोनकडे बघत होते. तो एकदाच वाजला. अंजनीताई म्हणाल्या, जेवल्या, गोळी घेतली, आता मटार सोलताहेत.

साडेपाचला गाडी आली तेव्हा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. खाली नेहमीच्या बायका उभ्या होत्या. विठाबाईंनी हिरामणभाऊंचा दंड धरला आणि आपल्या मते हळू आवाजात सांगितलं, "सदू, आयेला सांग, काळजी करू नको. सासू तोंडाची फटकळ हाय, पन मना उपाशी नाय ठेवत."

बायकांनी ऐकलं. मीही ऐकलं. त्यांच्या तोंडून एक बरा शब्द यावा म्हणून मी तेवीस वर्षं थांबले होते. आला तो मला सासू समजून आला. असू दे. मला तो पुरला.

त्या वर आल्या. "आत्याबाई, आली मी," म्हणाल्या.

"पाय धुवा," मी म्हटलं, "भाकरी टाकते."