कांजण्याच होत्या

माझ्या वडिलांच्या अंगभर फोड उठले, तेव्हा अकोटमधल्या आमच्या गल्लीने मंकीपॉक्स ठरवून टाकला. ते गेल्यावर खांदा द्यायला कुणी आलं नाही. नगरपालिकेच्या माणसांनी नेलं. पुढे फोडांतल्या विषाणूची जनुकं वाचून प्रयोगशाळेने कळवलं, कांजण्याच होत्या. मग तेरवीला सगळी गल्ली जेवायला आली.

"आधी समजलं असतं तं आमीच उचललं असतं न वं, अनुपमा," शेजारचे शेषराव बोटं चाटत म्हणाले. "मले तं कांजण्या लहानपणीच होऊन गेल्या. टाक अजून बुंदी."

त्यांच्या तिन्ही मुलांची लग्नं बाबांनीच लावली होती. मी बुंदीचं पातेलं आत नेलं आणि दाराला कडी घातली.