चोर पेला

"यंदा व्होडका ठेव," असं नाकानं फोनवर बजावलं, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "म्हातारपणी हे काय नवीन खूळ?" दरवर्षी आम्ही माझ्या घरी जमतो ते काहीतरी चाखायलाच. मध झाला, चीज झालं, एकदा तर नुसतं लोणी झालं. पण व्होडकेत चाखायचं काय? ना रंग, ना वास.

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "नुसत्या जिभेची परीक्षा. बघू तुमची किती शिल्लक आहे ते."

नाक म्हणजे आमच्या बिस्किटांच्या कारखान्यातला सुगंध जुळवणारा. कुठल्या बिस्किटात कुठला अर्क किती घालायचा, हे तो ठरवायचा. पिठाचं पोतं उघडायच्या आधीच आतला माल दमट आहे की नाही ते सांगायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी काय ते ऐकू यायचं. मी चाखणीच्या खोलीत नमुने मांडायचे. भट्टीवाला भट्ट्या सांभाळायचा, आणि वहिनी, म्हणजे नाकाची बायको, पुडे बांधायच्या विभागात होत्या. कारखाना बंद पडून जमाना झाला, आमची खोड काही गेली नाही.

चाखणीचे नियमही तिथलेच. पहिला मान नाकाचा. त्यानं मत द्यायचं आणि मग बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. यात वहिनींचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं "छे!" तयार असायचं. शिवाय प्रत्येक रांगेत एक 'चोर' असायचा. चोर म्हणजे मुद्दाम बिघडवलेला नमुना, चाखणारे जागे आहेत की डुलक्या काढताहेत ते कळावं म्हणून ठेवलेला. तो मी ठेवायचे, आणि कुठला ते फक्त मलाच ठाऊक.

यंदाचा चोर भट्टीवाल्यासाठी होता. या माणसाला मधापासून लोण्यापर्यंत सगळ्यात व्हॅनिलाचा वास येतो. म्हटलं, घे एकदाचा खराखुरा व्हॅनिला! कारखाना बंद झाला त्या दिवशी जो तो काहीतरी आठवण घेऊन निघाला होता. मी नाकाच्या हातच्या अर्काची लहानशी बाटली आणली होती. मूळ व्हॅनिला, आणि त्यात त्यानं काय काय मिसळलं होतं ते तोच जाणे. इतकी वर्षं ती कपाटात जपून ठेवली होती. तिचे थेंब मी प्रत्येकाच्या तिसऱ्या पेल्यात सोडले, पेल्यांवर बशा झाकल्या आणि लाल दिवा लावला. कारखान्यात नमुन्यांचे रंग दिसू नयेत म्हणून लाल दिवा असायचा. व्होडकेला त्याची काही गरज नव्हती, पण मला त्या उजेडात ही मंडळी बघायची होती.

काकडी, पाव, उकडलेले बटाटे मांडले आणि आम्ही बसलो.

"पहिली खरखरीत," नाक म्हणाला. "घसा ओरबाडते."

"छे! घोट केवढा घेतलात," वहिनी म्हणाल्या.

दुसरी त्याला मऊ लागली. भट्टीवाल्याला तिच्यात ओल्या पुठ्ठ्याचा वास आला.

"वासाचं काढू नकोस. आज जिभेचं बोल," नाक त्याच्यावर जरा जास्तच खेकसला.

मग तिसऱ्या पेल्यांवरच्या बशा निघाल्या आणि माझ्या खोलीत आख्खा कारखाना शिरला. भट्टीवाल्याचा हात पेल्यावरच थांबला. हा वास तेव्हा आमच्या केसांत, कपड्यांत मुरलेला असायचा. बसमध्ये लोक वळून बघायचे. घरी गेले की माझी मुलं धावत येऊन मला हुंगायची. मला एकदम भरून आलं.

नाकानं पेला नाकाशी नेला, सवयीनं डोळे मिटले आणि घोट घेतला. "ही सगळ्यांत स्वच्छ," तो म्हणाला. "वास म्हणून नाही. निव्वळ पाणी."

मला वाटलं, चेष्टा करतोय. हसणार इतक्यात त्याचा चेहरा दिसला. काहीच अभ्यास न करता परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घाबरलेला.

"खरंय, स्वच्छ आहे," भट्टीवाला म्हणाला. कोण, तर भट्टीवाला!

"पाणीच की," मी म्हटलं.

वहिनी काकडीची फोड चिवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

नाकानं पेला खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"बरोबर आहे म्हटलं."

"लग्न झाल्यापासून हे तू कधी म्हटलेलं नाहीस." त्यानं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग मला म्हणाला, "चोर होता ना? काय घातलं होतंस?"

मी बाटली आणून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उजेडात धरली, बुचाला स्वतःच गुंडाळलेली चिकटपट्टी बोटानं चाचपली.

"तापातून उठलो तेव्हापासून," तो म्हणाला. "काहीच येत नाही. डॉक्टर म्हणतात, आता यायचं नाही. वाटलं, व्होडका तरी सांभाळून घेईल." मग हळूच म्हणाला, "तुम्ही मला नाक म्हणता. आता मी कोण?"

"शेजारच्या चुलीवर दूध करपलं आणि तुम्ही पेपर वाचत बसलात, तेव्हाच कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

मला त्याचा रागही आला आणि रडूही. आमच्यापासून लपवायचं? आमच्यापासून?

भट्टीवाल्यानं खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि आपला तिसरा पेला हुंगला. "ऐक. आधी लोणी येतंय."

"छे! आधी साखर," वहिनी म्हणाल्या.

"साखर नंतर. कडेनं जळलेली, माझ्या कोपऱ्यातल्या भट्टीत जळायची तशी."

"ती भट्टी तू नेहमीच जास्त तापवायचास," नाक म्हणाला. "पुढे?"

"पुढे तुमचा शर्ट," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी खुंटीवर टांगायचात तो. मी धुवायला न्यायचे आणि नाकाशी धरून तशीच उभी राहायचे."

नाकानं डोळे मिटून पेला पुन्हा नाकाशी नेला. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो.

"येतोय?" मी विचारलं.

"नाही." डोळे न उघडताच त्यानं पेला वहिनींच्या हातात दिला. "शर्टाचं पुन्हा सांग."